तुम्ही विचारलंत म्हणून: पर्यावरणवाला माणूस गोल्फ कसा खेळतो?

"दात घासताना नळ चालू राहिला तर ओरडतोस, आणि शनिवारी गोल्फ?" मंडळाच्या गणपतीत, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांकडून, हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्तच आहे. माझं उत्तर असं की खेळाला पाणी लागतं, पण त्याहून कितीतरी जास्त पाणी टीव्हीवर दिसणाऱ्या हिरव्या रंगाला लागतं.

मी नॉर्थ कॅरोलायनात, रालेजवळ राहतो. इथून गाडीने सव्वा तासावर पाइनहर्स्ट हे गोल्फचं गाव आहे. तिथला 'नंबर टू' कोर्स, म्हणजे गोल्फचं मैदान, डोनाल्ड रॉस या स्कॉटिश माणसाने १९०७ साली आखला. जमीन रेताड, पडलेलं पाणी लगेच जिरतं. रॉसच्या हयातीत फेअरवेच्या (चेंडू मारत पुढे जायच्या आखूड गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध पाण्याची एकच पाइपलाइन टाकली गेली. तिचे फवारे पोचतील तिथवर गवत, त्यापुढे वाळू, वायरग्रास या रानगवताचे झुबके आणि पाइनच्या सुया. पुढे ऑगस्टाची मास्टर्स स्पर्धा रंगीत टीव्हीवर दिसू लागली आणि प्रत्येक क्लबाला तसंच हिरवंगार अंगण हवंसं झालं. नंबर टूवरही हरळी पार झाडांच्या बुंध्यांपर्यंत पोचली. (हो, बर्म्युडा ग्रास म्हणजे आपली हरळीच. आपल्याकडे शेतकरी तिच्या नावाने बोटं मोडतो, इथे तिची निगा राखायला पगारी माणसं आहेत.)

२०१०-११ मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या कोर्स आखणाऱ्या जोडीने हे उलटं फिरवलं. १९४३ साली विमानातून काढलेले फोटो समोर ठेवले, जुन्या पाइपलाइनचा माग काढून मूळचे फेअरवे कुठून जात होते ते ठरवलं, आणि सुमारे ३५ एकर हिरवळ खरवडून काढली. फवारे सुमारे १,१५० होते, ते ४५० वर आले. पाणी वर्षाला साधारण ५.५ कोटी गॅलन लागायचं, ते १.५ कोटींच्या आसपास उतरलं. २०१४ मध्ये गोल्फची पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन लागोपाठच्या आठवड्यांत इथेच झाली. पडद्यावर तपकिरी कडा पाहून कित्येकांनी नाकं मुरडली. मला तो कोर्स देखणा वाटला, आणि खेळायला जास्त अवघडही. उंच गवतात चेंडू गेला की काय होणार ते ठाऊक असतं, वाळूत झुबक्याला टेकून बसला की नशिबाची परीक्षा.

फुकट मात्र काहीच नाही. उघडी वाळू दिसली की तण हजर, आणि ते काढायला माणसं लागतात. ग्रीनवरचं, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतालचं, गवत इतकं आखूड कापतात की बुरशी टपलेलीच असते, म्हणून औषधं पूर्ण सुटत नाहीत. तिथे पूर्वी थंड हवेतलं बेंटग्रास होतं. इथल्या उन्हाळ्यात ते जगवणं म्हणजे रोजची झुंज. २०१४ च्या स्पर्धा आटोपल्यावर ते काढून तिथेही हरळीच्याच जातीतलं गवत लावलं.

पाण्याइतकीच मला आवडणारी गोष्ट एका सुतार पक्ष्याची आहे. रेड-कॉकेडेड वुडपेकर जिवंत, जुन्या पाइनमध्येच ढोली कोरतो, आणि असे पाइन तोडून तोडून तो संकटात आला. त्याच्या संरक्षणाचा कायदा कडक झाला तशी एक उलटीच गंमत झाली: पक्षी आला तर जमिनीवर बंधनं येतील या धास्तीने मालक झाडं म्हातारी होण्याआधीच तोडू लागले. म्हणून १९९५ साली या सँडहिल्स भागात 'सेफ हार्बर' करार सुरू झाले. तुम्ही झाडं राखा, त्यामुळे पक्षी वाढले तरी नवी बंधनं लादणार नाही, असं सरकारचं वचन. सुरुवातीला सही करणाऱ्यांत पाइनहर्स्टचा रिसॉर्ट होता.

तेव्हा क्लबाच्या दारावरचं 'पर्यावरणस्नेही' प्रमाणपत्र मी फारसं वाचत नाही. किती एकरांवर पाणी मारता आणि ते कुठलं, एवढंच विचारतो. प्यायचं की सांडपाणी शुद्ध केलेलं? वाळवंटात नवा कोर्स उभारणाऱ्यांशी तर वादही घालत नाही, तिथे खेळायला जात नाही.

"आपल्याकडे जमेल का?" हा तुमचा पुढचा प्रश्न. महाराष्ट्रात पावसाळ्यात गवत आपोआप येतं, मग दिवाळीनंतर ते पिवळं पडलं तर पडू द्यावं, फक्त ग्रीन आणि टी (पहिला फटका मारायची जागा) तेवढे ओले ठेवावेत. चेंडू कोरड्या जमिनीवर उलट जास्त लांब घरंगळतो, आणि वय झालेल्या माझ्यासारख्याला ते सोयीचंच. तुमच्या ओळखीत असा पिवळा पडू देणारा क्लब असेल तर कळवा, डिसेंबरात येतोच आहे.