फ्रीझरातले रिव्हेट

मुंजीसाठी बडोद्याला गेले होते. मुंज झाली, बटू रडला, मठ्ठा अप्रतिम होता. दोन दिवस एवढ्यात संपले.

मधल्या दुपारी लक्ष्मीविलास राजवाडा उरकला. उरकला हाच शब्द. 1890 सालचा आहे, अवाढव्य आहे, पण माझ्या पुढे एका शाळेची सहल होती आणि प्रत्येक दालनात बाई मुलं मोजून घेत होत्या. शेवटी शेवटी मीही मोजायला लागले. एक्केचाळीस.

खरं लिहायचंय ते आत्याच्या गच्चीबद्दल. दांडिया बाजारातलं जुनं घर, तीन मजले, शिडीसारखा उभा लाकडी जिना. माझ्या गुडघ्यांनी त्याला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या. उत्तरायण होऊन दहा दिवस झाले होते, तरी गच्चीभर मांजाचे तुकडे होते. एक माझ्या अंगठ्यात घुसलाच. आतोबा तिथे पाण्याच्या टाकीवरचं पत्र्याचं झाकण नीट करत बसले होते. वय सत्त्याहत्तर. हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाच्या सांगाड्या-पत्र्याची कामं करायचे. आयुष्याची पंचवीस वर्षं अ‍ॅव्ह्रो या वाहतूक विमानांच्या पोटात गेली.

"आलीच आहेस तर जरा बस ने इथे," म्हणाले. या 'ने'वरून बडोद्याचा मराठी माणूस कुठेही ओळखावा. "मला पलीकडून धरायला माणूस पाहिजे."

माझ्या हातात एक गुळगुळीत लोखंडी ठोकळा दिला. त्याला डॉली म्हणतात. रिव्हेट म्हणजे पत्रे जोडणारा, एका टोकाला डोकं आणि दुसऱ्या टोकाला शेपूट असलेला बिनटोकाचा खिळा. तो एकट्याने नीट बसत नाही. बाहेरचा डोक्यावर ठोकतो, आतला शेपटाला डॉली टेकवून धरतो, आणि शेपूट चेपून त्याचं दुसरं डोकं तयार होतं. ते दांड्याच्या दीडपट रुंद आणि अर्ध्याएवढं उंच व्हायला हवं. कमी झालं तर पकड नाही, जास्त झालं तर चीर. मध्ये पत्रा असतो, दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, आवाजात बोलणं ऐकू येत नाही. म्हणून टकटक. आतल्याने पत्र्यावर एकदा वाजवलं की आणखी मार, दोनदा म्हणजे झालं, तीनदा म्हणजे बिघडलं, काढून टाक.

"ह्या तीन टकटकींवर मी इंग्लंडात अकरा शनिवार काढले," आतोबा म्हणाले.

मुलगी कॉव्हेंट्रीला असते. 2015 साली तिच्याकडे गेले तेव्हा नातू शाळेत, मुलगी-जावई कामावर, बाहेर पाऊस. (परदेशी मुलांकडे गेलेल्या आईवडलांची ही जी अवस्था होते, त्यावर एकदा स्वतंत्र लिहीन. माझ्या सासूबाई न्यू जर्सीत खिडकीतून खारी मोजायच्या.) मग कळलं, तिथल्या विमानतळावर एक जुनं शॅकलटन उभं आहे आणि काही म्हातारे ते पुन्हा उडवायच्या खटपटीत आहेत. शॅकलटन म्हणजे लँकेस्टर बॉम्बरच्या घराण्यातलं. समुद्रावर गस्त घालणारं, चार ग्रिफन इंजिनं, प्रत्येकावर उलटसुलट फिरणारे दोन-दोन पंखे. ब्रिटिश हवाई दलाने 1991मध्ये ती सगळी निवृत्त केली. बनवणारी कंपनी? अ‍ॅव्ह्रो. आतोबांच्या दृष्टीने हे माहेरचं माणूस भेटणंच झालं.

पहिल्या शनिवारी त्यांच्या हातात झाडू दिला. दुसऱ्या शनिवारी इंजिनांखालचे तेलाचे ट्रे. पंचवीस वर्षं विमानं सांभाळलेल्या माणसाला! मला ऐकूनच राग आला. आतोबांना मुळीच आला नव्हता. "बरोबरच आहे. अनोळखी हात विमानाला लावू द्यायचा नसतो."

तिसऱ्या शनिवारी चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, कुठले? बडोदा म्हटल्यावर कोपऱ्यातल्या एका आजोबांनी कप खाली ठेवला आणि एकच शब्द उच्चारला, "स्क्वाड्रन?" दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची 124 नंबरची स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, 'बडोदा' नावाची होती, आणि ती स्पिटफायर लढाऊ विमानं उडवायची. मला हे ठाऊक नव्हतं. बडोद्यात जन्मलेल्या माझ्या आत्याला सुद्धा नव्हतं. त्या आजोबांना होतं. चहा संपल्यावर त्यांनी आतोबांना शेपटीच्या अंधारात डॉली धरून बसवलं.

"त्याचं इंग्रजी मला कळेना, माझं त्याला. टकटक दोघांना कळली."

काम कसलं, तर कुजलेला पत्रा शोधायचा. अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल होत नाही, पांढरी भुकटी धरतं, रंगाखाली फुगवटा येतो. जुन्या रिव्हेटच्या डोक्यात मधोमध ड्रिल घालायचं, पंचने दांडा बाहेर काढायचा. भोक लंबगोल झालं की एक नंबर मोठा रिव्हेट. एकेका पॅनेलला शनिवारमागून शनिवार. आणि सगळं झाल्यावर सही करणार परवानाधारक इंजिनिअर, त्याला पटलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. पगार नाही. बिस्किटंसुद्धा आळीपाळीने घरून आणायची.

इथे आत्या पापड वाळत घालायला वर आली आणि तिने आपली बाजू मांडली. एकदा ती तिथे गेली होती, चहाला दूध हवं म्हणून फ्रीज उघडला, तर फ्रीझरात डब्या भरून खिळे! खिळे नव्हेत, रिव्हेट. काही मिश्रधातूंचे रिव्हेट तापवून एकदम थंड केले की थोडा वेळ मऊ राहतात, मग आपोआप कडक होत जातात. थंडीत ठेवले तर मऊपणा टिकतो. बाहेर काढला की लगेच ठोकायचा, उशीर केला तर तडकतो. "मी श्रीखंड ठेवते तसे ठेवले होते मेल्यांनी," आत्या म्हणाली.

शॅकलटन त्यांच्यासमोर उडालं नाही. इंजिनं मात्र चालू करून दाखवली एका रविवारी, चारही. त्याबद्दल आतोबा काही बोलले नाहीत, फक्त छातीवर हात ठेवला आणि हात थरथरवून दाखवला.

मी विचारलं, आपल्याकडे असं काही? त्यावर कानपूरची गोष्ट आली. महायुद्ध संपल्यावर तिथे लिबरेटर बॉम्बर मोडून टाकलेले होते, पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून मुद्दाम नासवलेले. एचएएल या आपल्या विमान कंपनीच्या लोकांनी त्यांतले 40च्या आसपास उडते केले, आणि आपल्या हवाई दलाने ते 1968पर्यंत वापरले. त्यांतलाच एक पुढे अमेरिकेत गेला, तिथे नव्याने दुरुस्त होऊन 1989मध्ये पुन्हा उडाला. "आपल्याच हातचं," आतोबा म्हणाले. डाकोटा या जुन्या वाहतूक विमानाचंही त्यांनी सांगितलं. 2018 साली इंग्लंडहून दुरुस्त होऊन उडत आलेलं ते 'परशुराम' जामनगरला उतरलं, तेव्हा हे मोबाइलसमोर उभे राहिले होते. बसून बघवेना म्हणून.

आणि चौकाचौकांत खांबावर चढवलेली विमानं? ऑइलपेंट फासून, एअर इनटेकमध्ये कबुतरं. मला ती आत्तापर्यंत शोभेची वाटायची. आता वाटत नाहीत, आणि हे आतोबांमुळे झालंय याचा मला थोडा राग आहे.

संध्याकाळी त्यांनी स्कूटरवरून हरणीला नेलं. (सत्त्याहत्तराव्या वर्षी, बडोद्याच्या रहदारीत. मी डोळे मिटून रामरक्षा म्हटली.) विमानतळाजवळ सी-295 या वाहतूक विमानाचा कारखाना आहे, ऑक्टोबर 2024मध्ये सुरू झालेला. हवाई दलाच्या 56 विमानांपैकी 16 स्पेनहून, बाकी 40 इथली. ही विमानं ज्यांची जागा घेणार ती म्हणजे आतोबांची अ‍ॅव्ह्रो. रस्त्याच्या कडेला स्कूटर उभी करून ते भिंतीकडे बघत राहिले. आत जायला मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं, मलाही. झाडू मारायलासुद्धा कोण घेणार? "बाई, सेवउसळ खायची का?" ते म्हणाले, आणि आम्ही परत फिरलो. उसळीवरची तर्री इतकी तिखट होती की रडायला निमित्त मिळालं.

झाकणाला पाच रिव्हेट होते. तिसऱ्याच्या वेळी माझी डॉली घसरली, शेपूट वाकडं चेपलं गेलं. तीनदा वाजवायला हवं होतं. मला कंटाळा आला होता, मी दोनदा वाजवलं. आतोबांनी पलीकडून "शाब्बास" म्हटलं.

निघायच्या दिवशी पहाटे गच्चीवर काहीतरी घुरघुरत होतं, मी कूस बदलली. सकाळी टॉवेल आणायला वर गेले. झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियमचा चुरा पडला होता, मांजाच्या तुकड्यांवर चमकत. तिसरा रिव्हेट नवा होता.

खालून आत्या ओरडत होती, भाकरवडी बॅगेत वर ठेव, चुरा होईल.