तसंही

मंगळवार, रात्री उशिरा

दुपारी धाकटीचा फोन. भाच्याला गिटार शिकायचीय, तुझी देतेस का, तसंही तू वाजवत नाहीस. म्हटलं, घेऊन जा रविवारी. फोन ठेवला आणि ते 'तसंही' काही केल्या डोक्यातून जाईना. कणीक मळताना तेच, अंथरुणावर पडल्यावरही तेच. ती खोटं बोलली असती तर एवढं लागलं नसतं.

शेवटी उठून मिसिसिपी जॉन हर्ट लावला, तो जुना अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक, १९२८चं रेकॉर्डिंग. तो अंगठा! खर्जाच्या तारांवर आलटून पालटून ठेका धरून चालतोय आणि वर बारीक तारांवर बोटं गाण्याची चाल वाजवतायत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला दोघं जण वाजवतायत असंच वाटलं होतं. तो अंगठा जमायला मला दीड वर्ष लागलं. बाबा तेव्हा शेजारच्या खोलीत... जाऊ दे.

हर्टने त्या वर्षी 'ओकेह' कंपनीसाठी आधी मेम्फिसला आणि मग डिसेंबरात थेट न्यूयॉर्कला जाऊन गाणी रेकॉर्ड केली. खपली नाहीत. पाठोपाठ मंदी. तो मिसिसिपीतल्या आपल्या गावी, अ‍ॅव्हलॉनला परतला आणि शेतात राबत राहिला. मधे ३५ वर्षं गेली. न्यूयॉर्कमध्ये घरची ओढ लागून गायलेल्या एका गाण्यात त्याने गावाचं नाव घेतलं होतं, त्या एका शब्दावरून टॉम हॉस्किन्स नावाचा ब्लूजवेडा १९६३मध्ये त्याच्या दारात पोचला. तर घरात गिटारच नाही! हॉस्किन्सने आपली पुढे केली.

मला नेहमी तो क्षण डोळ्यांसमोर येतो. सत्तरीचा माणूस, दुसऱ्याची गिटार. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवत होता. पुढे फक्त तीन वर्षं मिळाली त्याला.

आजवर मी स्वतःला त्याच्याच रांगेत बसवत आले. पण तो थांबला कुठे होता? गावातल्या नाचगाण्याला वाजवायचाच, फक्त रेकॉर्ड करायला कुणी येत नव्हतं. मी थांबले. मला कुणी थांब म्हटलं नव्हतं. हे एकदा इथे लिहून टाकलं ते बरं झालं. तसंही, तर तसंही.

गिटार कपाटावरून काढली, पुसली. वरच्या दोन तारा तुटल्यात. उद्या नव्या आणते, पोराला अशी कशी देऊ. खर्जाच्या मात्र तिन्ही शाबूत आहेत.