मीटर गप्प आहे म्हणून टाकीत उतरू नका

नाशिकमध्ये सेफ्टी ऑफिसरना बंदिस्त जागेचं प्रशिक्षण देताना सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया) टाक्यांइतकाच वेळ वाइनरीतल्या टाक्यांना द्यायला हवा. द्राक्षरस आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेच्या दीडपट जड, म्हणून तळाशी साचतो. झाकणाशी गॅस मीटर धरून परमिटवर, म्हणजे आत उतरण्याच्या परवान्यावर, ‘ओके’ लिहिणं ही शुद्ध धूळफेक. मीटरची नळी टाकीत सोडून वर, मध्ये आणि तळाशी तपासायला लावा. प्रत्येक ठिकाणी आकडा स्थिरावू द्या.

खरी गोम पुढे आहे. नेहमीचा चार गॅसचा मीटर ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड दाखवतो; कार्बन डायऑक्साइड नाही. हवेत तो ५ टक्के मिसळला, तरी ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून जेमतेम १९.९ वर येतो. अलार्म वाजतो १९.५ ला. जिवाला धोका मात्र ४ टक्क्यांपासूनच! तो मोजायला वेगळा इन्फ्रारेड सेन्सर लागतो. हे गणित फळ्यावर ऑफिसरांकडूनच करून घ्या, स्लाइड दाखवून ते डोक्यात शिरत नाही.

आतला माणूस कोसळला, तर बाहेरच्याने उतरायचं नाही, ट्रायपॉड-विंचने (टाकीवरच्या तिपाईला लावलेल्या दोराच्या चरख्याने) ओढायचं. सराव ७०-८० किलोच्या पुतळ्यावर, रिकाम्या हार्नेसवर (अंगाला बांधायच्या पट्ट्यांवर) नव्हे.