इसेट्टा अपडेट: दार बसलं एकदाचं

मंडळी, दोन महिने काही लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं, पुढचं दार बसेना आणि दार बसल्याशिवाय या गाडीचं एक काम पुढे सरकत नाही. परवा रविवारी संध्याकाळी बसलं. अजून आनंद ओसरलेला नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कोणाला तरी उपयोग होईल.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: गाडी १९५७ ची बीएमडब्ल्यू इसेट्टा ३००, म्हणजे २९८ सीसी, एक सिलिंडर, १३ हॉर्सपॉवर, टॉप स्पीड ताशी ८५ किलोमीटर. मी मूळ सांगलीचा, आता स्टुटगार्टजवळ असतो, आणि भाड्याच्या एका गॅरेजात शनिवार-रविवार ही जुनी गाडी पुन्हा उभी करायचं काम चालतं.

आधी छोट्या गोष्टी उरकतो. डायनास्टार्ट उघडला, कार्बन ब्रश पार झिजले होते, नवीन टाकले, कॉम्युटेटर (ब्रश घासतात तो तांब्याचा फिरता भाग) बारीक पॉलिश पेपरने साफ केला, आता चार्जिंग लाइट वेळेवर विझतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इसेट्टात स्टार्टर आणि डायनॅमो वेगवेगळे नाहीत, क्रॅंकशाफ्टच्या टोकावर बसलेलं एकच मशीन आधी इंजिन फिरवतं आणि मग तेच बॅटरी चार्ज करतं. इंजिन बीएमडब्ल्यूच्या मोटरसायकलच्या घराण्यातलं असल्यामुळे त्याचे पार्ट मिळतात आणि त्याची मला कधी काळजी वाटली नाही. काळजी होती ती पत्र्याची.

आता दार. या गाडीचं अख्खं तोंड म्हणजेच दार. इटलीत मिलानजवळ ब्रेसोला इसो कंपनीत एर्मेनेजिल्दो प्रेती या इंजिनिअरने ती काढली, माणूस मूळ विमानांचा, १९५३ साली तुरिनच्या शोमधे गाडी लोकांसमोर आली आणि १९५५ पासून बीएमडब्ल्यूने लायसन्स घेऊन ती जर्मनीत बनवली. इसो आधी फ्रीज बनवायची म्हणून दार फ्रीजसारखं, असं सगळीकडे ऐकायला मिळतं, मला ते पटत नाही. गाडी जेमतेम सव्वादोन मीटर लांब, ती फुटपाथला नाक लावून सरळ उभी करायची आणि दार उघडून थेट फुटपाथवर पाय ठेवायचा, हा हिशोब त्या दारामागे आहे असं मला वाटतं. आणि स्टीअरिंग आडवं येऊ नये म्हणून स्टीअरिंगचा दांडा दारालाच धरलेला, खाली युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे दांड्याला वाकून फिरू देणारा सांधा, दार उघडलं की स्टीअरिंग आणि डॅशबोर्ड दोन्ही दारासोबत बाहेर. मी पहिल्यांदा हे बघितलं ना तेव्हा पाच मिनिटं नुसतं दार उघडत आणि लावत बसलो होतो.

पण याचा अर्थ असा की बॉडीला पुढून पत्रा नाही, नुसतं भलंमोठं भोक आहे. साध्या गाडीत पुढची बाजू बॉडीला ताठ ठेवते, इथे ती ताकद फक्त दाराच्या चौकटीत आणि फ्लोअरमधे. आणि माझ्या गाडीचा फ्लोअर आधीच्या कोणीतरी बॉडी चासीवरून उतरवून, आतून एकही आधार न लावता वेल्ड केलेला. काम दिसायला सुंदर होतं, म्हणून मलाही संशय आला नाही. मी बिजागऱ्यांखाली शिम, म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्या, घालत होतो, काढत होतो, वरचा डावा कोपरा जुळला की खालचा उजवा बोटभर बाहेर, तो दाबून बसवला की लॉक लागेना. सहा शनिवार गेले यात.

मग काकांना व्हिडिओ कॉल केला. काकांचं सांगलीत रिक्षाचं गॅरेज होतं, तीस वर्षं पत्रा ठोकण्यात गेली त्यांची. त्यांनी फोन गाडीभोवती फिरवायला सांगितला आणि पहिलाच प्रश्न, "अरे, गाडी चाकावर कुठे उभी आहे ही? स्टँडवर दार लावतोयस होय?" मी म्हटलं, "काका, खाली ब्रेकचं काम करायचंय म्हणून उचलून ठेवलीय." ते म्हणाले, "आधी खाली उतरव. माणूस बसतो तिथं वजन टाक. आणि चौकटीचे कर्ण मोज, दाराला हात नको लावू."

कर्ण मोजले. दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर सरकवून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, पेन्सिलने खूण करून. फरक निघाला ११ मिलिमीटर! दारात काहीच दोष नव्हता, चौकटच कलली होती. फॅक्टरीचं माप शोधण्यापेक्षा मी दाराच्या कडेचेच कर्ण मोजले आणि ते लक्ष्य धरलं, कारण शेवटी जुळायचं ते याच दाराशी.

पुढचे दोन शनिवार असे: गाडी चाकांवर, बॉडीचे सगळे बोल्ट चासीला आवळलेले, ड्रायव्हरच्या बाजूला बागेच्या मातीच्या गोण्या रचून साधारण ७५ किलो वजन. इंजिन उजवीकडे, ड्रायव्हर डावीकडे, असा या गाडीचा तोल आहे (इंग्लंडमधे ब्रायटनला बनलेल्या उजव्या स्टीअरिंगच्या तीनचाकी इसेट्टांमधे म्हणूनच डावीकडे वेगळं वजन घालावं लागायचं), तेव्हा रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप खरं नव्हे. मग फ्लोअरचा जुना वेल्ड पुढच्या बाजूने कापला, लांब कर्णावर टर्नबकल (फिरवला की दोन्ही टोकं जवळ ओढणारा आट्याचा दांडा) लावला आणि अर्धा अर्धा आटा फिरवत, प्रत्येक वेळी पट्ट्यांनी मोजत ओढत गेलो. ११ चे ७ झाले, मग ४, तिथे बराच वेळ अडकलं, आणि एकदम पत्र्याचा टण् असा आवाज येऊन २ वर आलं. थोडं जास्त ओढून ठेवलं, कारण सोडल्यावर पत्रा मागे येतोच. आत पाइपचा आडवा आधार लावला आणि वेल्डिंग छोट्या छोट्या टाक्यांनी, एक इकडे एक तिकडे, मधे गार होऊ देत. आधार काढल्यावर फरक १ मिलिमीटर. तेवढा रबर पोटात घेतं.

रबराची टेस्ट जरूर करून बघा. सगळ्या रबराला निळा खडू फासायचा, दार हळूच लावायचं, उघडायचं, आणि चौकटीवर उमटलेली रेघ बघायची. पहिल्या वेळी रेघ दोन ठिकाणी तुटली होती, खालच्या बिजागरीची एक शिम काढली, परत खडू, परत दार. चौथ्या वेळी रेघ पूर्ण उमटली, कुठे जाड कुठे बारीक पण सलग. आई इथे आलीये महिनाभर, ती चहा घेऊन गॅरेजात आली होती, ती रेघ बघून म्हणाली, "रांगोळी काढल्यासारखी आलीये की रे." मी फोटो काढून काकांना पाठवला, त्यांचं उत्तर आलं, "आता स्टीअरिंग लाव."

स्टीअरिंगमधेही एक गोष्ट कळली. चौकट वाकडी होती तेव्हा दार अर्धं उघडलं की दांडा जड व्हायचा, मी समजत होतो जॉइंट खराब आहे आणि नवीन मागवायच्या बेतात होतो. चौकट सरळ झाल्यावर तोच जुना जॉइंट, साफ करून ग्रीस भरला तर एका बोटाने दार फिरतंय, जॉइंटला काही झालेलंच नव्हतं. तेव्हा मंडळी, दार जड असेल तर पार्ट मागवायच्या आधी कर्ण मोजा, प्लीज.

आता पुढचं काम ब्रेकचं. पुढे दोन ड्रम आणि मागे एकच, कारण मागची दोन्ही चाकं इतकी जवळ आहेत की वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शिअलच नाही, एका अखंड एक्सलवर दोन्ही. मागचा एक्सल फिरवणाऱ्या चेनच्या केसमधून तेल झिरपतंय, ते उघडीन तेव्हा चेन आणि स्प्रॉकेटचे फोटो टाकतो.

एक मदत हवी आहे. छताच्या कापडाच्या आडव्या कमानींपैकी मधली माझ्याकडे नाही. इसेट्टात ते छत उघडतं ते नुसतं हवेसाठी नाही, एकुलतं एक दार अपघातात अडकलं तर बाहेर पडायचा रस्ता तोच, त्यामुळे तिथे अंदाजपंचे काम करायचं नाहीये. कोणाकडे इसेट्टा ३०० चं एक्सपोर्ट मॉडेल असेल तर मधल्या कमानीची रुंदी आणि मध्यावरची उंची मोजून पाठवा, आणि जमलं तर बाजूने एक फोटो, पट्टी शेजारी धरून.