पाऊचमध्ये काय आहे, हे सांगायला कुणी तयारच नव्हतं

आमची फरसाण-चिवड्याची कंपनी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आहे, मी तिथे खरेदी बघते. माल सुरत आणि इंदूरलाही जातो. दोनपेक्षा जास्त राज्यं झाली की प्लास्टिक पॅकिंगच्या ईपीआरची, म्हणजे विकलेल्या पॅकिंगचा कचरा निस्तरण्याच्या उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची, नोंदणी थेट केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर करावी लागते. पॅन, जीएसटी, सह्या झटपट झालं. गाडी अडली ती पॅकिंगच्या प्रकाराच्या रकान्यावर.

फेब्रुवारी २०२२ च्या नियमांप्रमाणे कडक डबे-बरण्या पहिल्या प्रकारात, नुसत्या प्लास्टिकचं लवचीक पॅकिंग दुसऱ्यात, आणि प्लास्टिकबरोबर कागदाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा थर असेल तर तिसऱ्यात. प्रत्येकाचं टनेज वेगळं भरायचं. आमचे पाऊच दोन, एक साधा आणि एक आतून चंदेरी. बिलावर मात्र दोन्हींना ‘लॅमिनेट रोल’ आणि पुढे किलो, बस.

पुरवठादाराला विचारलं, थर कोणते आणि किती मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग)? ‘मॅडम, इतकी वर्षं हाच रोल घेताय, आता कशाला हवंय?’ पुन्हा विचारलं तर म्हणे रचना गोपनीय आहे. सेल्सवाला प्लँटकडे बोट दाखवायचा, प्लँटवाले सेल्सकडे. नंतर फोन उचलणंही बंद. मला अजूनही याचा संताप येतो. वस्तू बनवणारा ती कशाची बनवली ते सांगणार नाही, आणि तिचा कचरा निस्तरण्याची हमी मात्र आम्ही लिहून द्यायची! आमच्या सल्लागाराने तर सरळ सुचवलं, सगळं दुसऱ्या प्रकारात टाका. मी नाही म्हटलं. माहिती खोटी निघाली तर नोंदणी रद्द होऊ शकते, आणि तसं नसतं तरी मी खोटं भरलं नसतं.

शेवटी मालकांची सही घेऊन पर्चेस ऑर्डरवरच अट टाकली: स्पेसिफिकेशन शीट नाही, तर ऑर्डर नाही. शीट त्याच संध्याकाळी आली.

टनेज काढायचं तर मायक्रॉनला घनतेने गुणलं की चौरस मीटरमागे ग्रॅम मिळतात. चंदेरी पाऊचचं बाहेरचं पॉलिएस्टर १२ मायक्रॉन, म्हणजे १६.८ ग्रॅम. मधलं अ‍ॅल्युमिनियम फॉइल ७ मायक्रॉनचं, पण १८.९ ग्रॅम. आत पॉलिथिन. हे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की सहज सुटे होत नाहीत. भंगारवाला अशा पाऊचला हात लावत नाही. असा पाऊच गोळा झालाच, तर बहुतेकदा सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातो.

कागदावर हे आकडे दिसल्यावर मीच मीटिंगमध्ये विचारलं, आपल्या चिवड्याला फॉइल हवंच कशाला? विक्री विभागाला चकाकी हवी आहे. पण आता सगळे थर पॉलिथिनचेच असलेल्या पाऊचची चाचणी सुरू झाली आहे, आणि ती मी सुरू करून घेतली याचा मला अभिमान आहे. पाऊच पुन्हा वापरात येईल की नाही, हे तो आखतानाच ठरतं. कचराकुंडीपाशी ठरवायला फार उशीर झालेला असतो.

हे आधी सांगायला हवं होतं: सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या ब्रँडवर ईपीआरचं हे बंधन नाही, आमची कंपनी मध्यम गटात येते. तेव्हा आधी स्वतःचं उद्यम प्रमाणपत्र बघा, उद्योगाचा गट त्यावर लिहिलेला असतो. आणि पुरवठादाराचा ईपीआर नोंदणी क्रमांक पहिल्याच बिलाबरोबर मागून घ्या, खरेदीचा तपशील भरताना पोर्टल तो विचारतं.