आजीचं गोंदण

ताईंनी पिशवीतून मिनी-डीव्हीची, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याची छोटी कॅसेट काढून माझ्या एडिटिंगच्या टेबलावर ठेवली. लेबलवर बॉलपेननं लिहिलेलं : दिवाळी २००४. मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि हळदीच्या रात्री पडद्यावर दाखवायला तिच्या लहानपणाची कार्टून फिल्म हवी होती. "माणसं आमचीच, पण चितारल्यासारखी दिसू देत," त्या म्हणाल्या.

कॅसेटमध्ये नरकचतुर्दशीची पहाट. अंगणात पाट, पाटावर चार वर्षांची पोर, आणि नऊवारीतली आजी तिला उटणं लावतेय. पोर पळायला बघते, आजी हसत दंड धरून पुन्हा बसवते. उजेड एका पिवळ्या बल्बचा. ४० सेकंदांचा तो तुकडा पाहिला आणि ठरवलं, फिल्मचा जीव इथंच आहे.

आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कार्टून' नावाचा इफेक्ट तयारच असतो. तो टाकला की झालं, असं लोकांना वाटतं. पहिल्याच प्रीव्ह्यूत आजीच्या हलत्या हातांना कंगव्यासारखे काळे दात फुटले. तेव्हाचे कॅमेरे एक फ्रेम दोन अर्ध्यांत टिपत, एक ओळ सोडून एक, मधे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. तेवढ्यात हात सरकलेला असतो, आणि इफेक्ट त्या फाटलेल्या कडेवरही इमानानं रेघ ओढतो. म्हणून आधी डीइंटरलेस, म्हणजे त्या दोन अर्ध्यांतून फाटकी कड नसलेली अखंड फ्रेम करणं. मग नॉइज काढणं, कारण कमी उजेडातले दाणे दर फ्रेमला जागा बदलतात आणि त्यांच्यासोबत बाह्यरेषाही वळवळते. शेवटी सेकंदाला २५ फ्रेमऐवजी १२.५ वर आणलं. हातानं काढलेल्या कार्टूनमध्ये बहुतेक वेळा एकच चित्र दोन फ्रेम धरतात. तो ठेका याशिवाय येत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मायलेकी बघायला आल्या. ताई खूश. मुलगी मात्र उठून स्क्रीनजवळ गेली. "दादा, आजीचं गोंदण कुठं गेलं?"

मूळ फूटेज शेजारी लावलं. हनुवटीवर हिरवट काहीतरी होतं खरं. दोन दिवस मी तोच चेहरा बघत होतो, आणि मला ते दिसलं नव्हतं. मनाला फार लागलं ते.

हा इफेक्ट जवळजवळच्या रंगांचे बारीक फरक पुसून सपाट करतो आणि जिथं रंग ठळक बदलतो तेवढी कड राखतो. कपाळावरचं कुंकू लालभडक, ते टिकलं. गव्हाळ कातडीवरचं विरलेलं गोंदण त्याच्या लेखी कचरा. सुरकुत्यांबरोबर तेही गेलं.

हनुवटीपुरता मास्क आखून, म्हणजे तेवढाच भाग वेगळा करून, तिथं डिटेल रेडियस आणि थ्रेशोल्ड हे बारकावे किती पुसायचे ते ठरवणारे आकडे उतरवून पाहिले. गोंदण आलं, पण दाणेही आले. हनुवटीवर मुंग्या फिरतायत असं दिसायला लागलं. आता हातानंच काढायचं. झूम केलं तर नुसता एक डाग, कारण डीव्हीत रंगाची नोंद मुळातच जाडीभरडी असते. मी म्हटलं, "कसं होतं ते तूच सांग."

ती खुर्ची ओढून शेजारी बसली. "तीन ठिपके. वर दोन, खाली एक. खालचा जरा डावीकडं."

"तुझ्या डावीकडं की आजीच्या?"

ती गप्प झाली. मग मान मागे टाकून छताकडं बघत बोट हवेत धरलं. "मी तिच्या मांडीवर झोपायचे ना, खालून हनुवटीच दिसायची. माझ्या डावीकडं."

ती सांगेल तिथं ठिपके ठेवले, ते चेहऱ्याबरोबर आपोआप हलावेत म्हणून ट्रॅकिंग लावलं. ५०० फ्रेमपैकी बहुतेक ट्रॅकरनं सांभाळल्या. उटण्याचा हात हनुवटीसमोरून जातो तिथं तो चुकायचा, त्या सगळ्या मी एकेक करून सरकवल्या. मायलेकी कधीच गेल्या होत्या. आजी हसते तेव्हा वरचे दोन ठिपके किंचित लांब होतात आणि खालचा वर सरकतो. तेवढ्या नऊ फ्रेम मी तीनदा केल्या.