आययूएलची चौतीस पानं

२०२४च्या कोजागिरीला आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला एका मित्राकडे जमलो होतो. दूध आटेपर्यंत नेहमीच्या गप्पा झाल्या आणि मग विषय निघाला निवृत्तीचा. आमच्या गटातला एकजण आयटीतली नोकरी सांभाळून विम्याचं काम करतो. दहा वर्षांची ओळख, अडीअडचणीला धावून येणारा. तो म्हणाला, "वहिनी, बाजार वर गेला की तुमचा पैसा वर, बाजार पडला तरी शून्याच्या खाली जातच नाही. आणि पासष्टीनंतर जे काढाल त्यावर टॅक्स नाही."

२०२२ला आमचं फोरओवनके, म्हणजे नोकरीतून निवृत्तीसाठी साठवायचं खातं, महिन्यामागून महिना खाली जाताना मी पाहिलं होतं. पाठोपाठ नवऱ्याच्या कंपनीत कपात झाली. तो वाचला, पण तेव्हापासून त्याला नीट झोप नाही. त्यामुळे 'शून्याच्या खाली नाही' हे शब्द त्याला किती धीर देऊन गेले, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

पुढच्याच आठवड्यात इलस्ट्रेशन आलं, म्हणजे पॉलिसीत वर्षागणिक किती भरायचं आणि किती मिळेल याचा कंपनीचा अंदाज, चौतीस पानांचा. इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ, म्हणजे आययूएल: असा आयुर्विमा, ज्यातल्या रकमेवरचं व्याज शेअर निर्देशांकाच्या वाढीवरून ठरतं. नवऱ्याचं वय ४५, महिना १,५०० डॉलर, वीस वर्षं. विमा साडेसात लाख डॉलरचा. आणि ६६व्या वर्षापासून ८५पर्यंत दर वर्षी ४०,००० डॉलर, करमुक्त. नवरा सही करायला तयार होता.

मीही जवळपास तयारच होते. आमच्या मिरजेच्या घरी दर सहा महिन्यांनी एलआयसीचे काका यायचे. चहा घ्यायचे, हप्ता न्यायचे आणि पावती आणून द्यायचे. बाबांनी त्या पावत्या ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या, आणि माझ्या शिक्षणाचा मोठा भाग त्याच पैशांतून झाला. विमा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ती ट्रंक येते. पण एलआयसीच्या पॉलिसीला कायद्याने केंद्र सरकारची हमी आहे, आणि एकदा जाहीर झालेला बोनस मागे घेतला जात नाही. नाव विम्याचंच असलं, तरी समोर आलेली वस्तू वेगळी होती. हे कळायला मला बरेच दिवस लागले.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, आकडे तपासणं हाच माझा दिवस. एका रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

अकराव्या पानावर आकड्यांचे दोन गट होते. उजवीकडचे आम्हाला दाखवलेले, दर वर्षी ६.३ टक्के जमा होतील असं धरून मांडलेले. डावीकडे 'गॅरंटीड'. त्यात कंपनी जास्तीत जास्त जेवढं शुल्क लावू शकते ते लावलेलं आणि व्याज अगदी किमान. त्या रकान्यात नवऱ्याच्या ७२व्या वर्षानंतर नुसती शून्यं होती. पॉलिसी संपलेली. डावीकडचंच खरं होईल असं मुळीच नाही, पण कंपनीने लेखी कबूल केलंय ते तेवढंच. त्याच पानावर पहिल्या वर्षाअखेरची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मोडली तर हातात येणारी रक्कम, होती शून्य, १८,००० डॉलर भरल्यावर. पाचव्या वर्षी, ९०,००० भरल्यावरही हातात येणार होते त्याच्या दोन तृतीयांशाहून कमी.

मग मी एजंटला विचारलं, "शून्याच्या खाली जात नाही, तर मग हे काय?" त्याने सरळ सांगितलं, "वहिनी, ते शुल्क." शून्याची हमी असते ती जमा होणाऱ्या व्याजाला. हप्त्यातून आधी सहा टक्के कापले जातात. मग दर महिन्याला पॉलिसीचं शुल्क आणि विम्याचा खर्च, आणि तो वयाबरोबर चढत जातो. बाजार पडलेल्या वर्षी व्याज शून्य, पण शुल्क चालूच. म्हणजे त्या वर्षी खात्यातली रक्कम कमीच होते.

वरच्या बाजूला कॅप, म्हणजे एका वर्षात जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या व्याजाची मर्यादा, होती ९.५ टक्क्यांची. २०२३मध्ये एसअँडपी ५००, अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सचा निर्देशांक, चोवीस टक्क्यांहून जास्त वाढला, लाभांश धरून सव्वीस. या पॉलिसीत त्यातले साडेनऊ मिळाले असते. लाभांश तर हिशेबातच नाही, कारण आपला पैसा शेअर बाजारात जातच नाही. कंपनी तो मुख्यतः रोख्यांत ठेवते आणि त्यातून येणाऱ्या उत्पन्नावर निर्देशांकाचे ऑप्शन, म्हणजे निर्देशांक वाढला तर पैसे देणारे करार, विकत घेते. ऑप्शन महागले किंवा रोख्यांचं व्याज उतरलं की कॅप खाली येते. आणि कॅप बदलायचा अधिकार कंपनीकडे असतो. आमच्या कागदावर हमीची किमान कॅप आजच्या कॅपच्या निम्मीही नव्हती.

एजंटला मी म्हटलं, हेच इलस्ट्रेशन ४.८ टक्क्यांनी काढून दे. त्याने दोन दिवसांत काढून दिलं, कुरकुर न करता, हे मुद्दाम सांगते. त्यात ४०,००० डॉलर दर वर्षी काढत गेलो, तर ७८व्या वर्षी पॉलिसी बंद पडत होती. दीड टक्क्याच्या फरकाने.

बंद पडली तर काय, हे मला विनामोबदला कुणी सांगितलं नसतं. फक्त फी घेणारी, काहीही न विकणारी एक सल्लागार शोधली. दोन तासांचे साडेतीनशे डॉलर दिले, आणि ते सार्थकी लागले. तिने समजावलं की ते 'करमुक्त उत्पन्न' म्हणजे पॉलिसीवरचं कर्ज. कर्जावर कर नसतो, म्हणून करमुक्त. पॉलिसी मरेपर्यंत जिवंत राहिली, तर कर्ज विम्याच्या रकमेतून फिटतं. मधेच बंद पडली, तर भरलेल्या हप्त्यांच्या वरचा सगळा नफा त्या एका वर्षाचं उत्पन्न धरला जातो. आमच्या बाबतीत चार लाख डॉलरच्या वर. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, हातात पैसा नसताना, कराचं पत्र. ते टाळायचा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा कलम, काही पॉलिसींत असतो, पण त्याच्याही अटी असतात.

विम्याची रक्कमही तिला खटकली. पैसा साठवायचा असेल, तर त्या हप्त्याला कायद्यात बसेल इतका कमीत कमी विमा ठेवायचा, म्हणजे खर्च उतरतो. साडेसात लाखांचा विमा ठेवला की खर्च वाढतो आणि कमिशनही.

मग तिने विचारलं, "तुमच्या दोघांच्या रॉथ आयआरए आहेत?" नव्हत्या. रॉथ आयआरए म्हणजे स्वतः उघडायचं निवृत्तीचं खातं, कर भरून झालेल्या पैशांचं. आमचं एकत्रित उत्पन्न २०२४च्या २,३०,००० डॉलरच्या मर्यादेच्या आत होतं, म्हणजे प्रत्येकी ७,००० बिनदिक्कत टाकता आले असते. फोरओवनकेत मी कंपनीचं मॅचिंग (आपल्या पैशाला जोडून कंपनी घालते ते) मिळण्यापुरतेच सहा टक्के टाकत होते, मर्यादा २३,००० डॉलरची असताना. मी पाठकोऱ्या कागदावर मांडलं: १८,०००मधून १४,००० दोन रॉथमध्ये, उरलेले चार हजार माझ्या फोरओवनकेत. सगळा पैसा या साध्या भांड्यांतच मावत होता. शिवाय रॉथमध्ये आपण घातलेली मुद्दल केव्हाही काढता येते, कर न भरता. नोकरीच्या काळजीने जागणाऱ्या माणसाला तो खरा आधार.

आययूएल कुणीच घेऊ नये असं मी म्हणणार नाही. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टर जोडप्याचा मुलगा आयुष्यभर दुसऱ्यावर अवलंबून राहणार आहे. त्यांची बाकी सगळी खाती मर्यादेपर्यंत भरून झालीत, आणि आईवडील कधीही गेले तरी त्याच्यासाठी रक्कम हवीच. त्यांना कायमच्या विम्याची गरज आहे. आमचा मुलगा अकरा वर्षांचा, तो पायावर उभा राहीपर्यंत वीस वर्षांची टर्म, म्हणजे ठरावीक मुदतीचा, बचत नसलेला विमा, पुरते. दहा लाखांची घेतली, महिना शंभर डॉलरच्या आसपास. वैद्यकीय तपासणीला नर्स घरी आली आणि त्याच टेबलावर नवऱ्याचं रक्त घेतलं.

एजंटला नाही म्हणायला मला आठवडा लागला. रोज भेटणारा आपला माणूस, त्याचा हेतूही वाईट नाही. त्याने स्वतः २०१८ला हीच पॉलिसी घेतलीय, बायकोच्या नावावरही. फोनवर मी कारणं सांगितली आणि शेवटी म्हटलं, "तुझ्या स्वतःच्या पॉलिसीचं आजच्या कॅपने नवं इलस्ट्रेशन मागव. चालू पॉलिसीचं, इनफोर्स इलस्ट्रेशन म्हण, कंपनी देते." तो थोडा वेळ काही बोलला नाही.

फेब्रुवारीत एका शनिवारी तो कागद घेऊन आमच्याकडे आला. घेतली तेव्हा कॅप १२ होती, आता ९. मी चहा टाकला, पेन्सिल काढली आणि आम्ही दोघं त्याचं अकरावं पान वाचायला बसलो.